वर्षाऋतूतील दीर्घ पदभ्रमण : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी काही विचार

पर्जन्यकाळात सह्याद्रीत पदभ्रमणास जाणाऱ्यांची संख्या अलीकडे फार वाढली आहे. आपल्या परिसरात रोह्याकडे अवचितगड, सुरगड, घोसाळगड आणि पेणकडे सांकशी हे किल्ले एका दिवसात होतात. परंतु भिऱ्याच्या बाजूने घाट चढून ताम्हिणीच्या माथ्यावर दोन-तीन दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारेही आता भेटतात. निघण्यापूर्वी ते औषधालयात येतात व “थंडी बाधू नये म्हणून काही द्या” अशी मागणी करतात. या मागणीला उत्तर देताना काय ध्यानात ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शास्त्राचे मत स्पष्ट आहे. वर्षाऋतूत अग्नी मंद व वात प्रकुपित असतो. अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात पावसाळी दिवसांत पायी हिंडणे, श्रम, नदीचे पाणी व दिवसाची झोप वर्ज्य सांगितली असून धूपन केलेली वस्त्रे वापरण्यास सांगितले आहे. अर्धशक्ती व्यायामाची मुभादेखील शीतकाळ व वसंत यांपुरतीच आहे. अन्य ऋतूंत त्याहून कमी. तेव्हा शास्त्रशुद्ध सल्ला “जाऊ नका” हाच होय. मात्र एवढेच सांगितल्यास तरुण जायचा थांबत नाही, तो केवळ दुसऱ्या दुकानात जातो.

मुख्य धोका कोणता, हे प्रथम समजून घ्यावे. घाटमाथ्यावर जुलैत पारा वीस अंशांच्या आसपास असतो, म्हणून जीवघेण्या गारठ्याची शंका कोणास येत नाही. परंतु पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने शरीरातील उष्णता वाहून नेते. भिजलेले वस्त्र, वाहता वारा, उपाशी पोट आणि थकवा हे चारही एकत्र आले, की बर्फ नसतानाही शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली येऊ शकते. हिमालयात तर वादळी हवेची जोड मिळते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल मार्गावर अचानक बिघडलेल्या हवामानात कर्नाटकातील नऊ पदयात्री मृत्युमुखी पडले. आपल्याकडूनही अनेकजण अशा मार्गांवर जातात आणि तयारीची औषधे येथूनच नेतात.

आरंभीची लक्षणे साधी असतात : जोराची हुडहुडी, बोलण्यात अडखळणे, शर्टाची गुंडी लावता न येणे, विनाकारण चिडचिड, मागे रेंगाळणे. पुढे हुडहुडी थांबते. सोबत्यांना वाटते बरे वाटू लागले. वस्तुतः ते बिघडल्याचे चिन्ह होय. काही रुग्ण या अवस्थेत अंगावरील कपडेही काढून टाकतात. नाडी व श्वास इतके मंद होतात की ते पुरा एक मिनिट तपासावे लागतात. नाडी बोटांना लागत नाही म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये.

येथे आपल्या नित्याच्या दोन उपचारांना आवर घालणे आवश्यक आहे. पहिला, तेल चोळणे व स्वेदन. वातशमनासाठी अभ्यंग श्रेष्ठ खरा. पण गारठून गेलेल्या देहाचे हातपाय चोळल्यास किंवा शेकल्यास त्वचेतील थंड रक्त हृदयाकडे वळते व हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. अभ्यंग घरी परतल्यावर, देह पूर्ववत उबदार झाल्यानंतर करावा. दुसरा, आसव-अरिष्टे. वर्षाऋतूत जुन्या मध्वरिष्टाचे विधान ग्रंथात आहे, हे कोणी पुढे करील. ते घरात सुरक्षित बसलेल्या मंदाग्नीच्या माणसासाठी आहे. अरिष्टातील स्वयंजनित मद्यांशाने त्वचेच्या रक्तवाहिन्या विस्तारतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतील उष्णता अधिक वेगाने निघून जाते. पदयात्रीच्या पिशवीत दशमूलारिष्टाची बाटली “थंडीसाठी” म्हणून देऊ नये. ब्रँडीबद्दल वेगळे सांगणे नको.

योग्य उपचार साधा आहे. रुग्णाला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे चढवावेत, डोके झाकावे, जमिनीचा गारवा लागू नये म्हणून खाली जाड आच्छादन घालावे. शुद्धीवर असून गिळता येत असेल तरच गरम गोड पेय द्यावे. त्यात गूळ किंवा साखर घालावी, मध नव्हे, कारण उष्णाबरोबर मध आपल्याकडे निषिद्धच आहे. कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या काखेत व छातीशी ठेवाव्यात. हुडहुडी थांबलेला अथवा गुंगीतला रुग्ण हळुवार हाताळून, आडवा ठेवून, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावा.

मग विक्रीस काय द्यावे? सुंठ, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर. हे थोडे थोडे, वरचेवर खावे, कारण मंदाग्नीला एकदम भरपूर अन्न पेलत नाही. त्रिकटू पित्तप्रकृतीच्या माणसाला उपाशीपोटी देऊ नये. सुती कपड्यांची आपली आवडती शिफारस उन्हाळ्यापुरती ठेवावी; भिजलेले सूत पाणी धरून बसते, म्हणून लोकर किंवा चटकन वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे बरे. झोपण्यासाठीचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि दिवसा कितीही मोह झाला तरी तो उघडू नये. धूपित वस्त्राच्या उपदेशाचा डोंगरावरील अर्थ हाच.

परतल्यानंतरची एक बाब कोकणात विशेष महत्त्वाची आहे. शेताच्या बांधावरून, ओढ्यातून, गुरांच्या वाटेवरच्या चिखलातून चाललेला माणूस पाच ते चौदा दिवसांनी ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळ्यांत लाली घेऊन आला, तर तो “भिजल्याचा ताप” समजून केवळ काढ्यावर ठेवू नये. लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून त्याच दिवशी रक्ततपासणीसाठी पाठवावे. तो कोठून कोठे चालला, पायाला जखम होती का, हे काउंटरवर पुड्या बांधतानाही विचारता येते.