चाकांवरचे घर : वर्षभर राहता येईल का?

प्रश्न : निवृत्तीनंतर कॅरॅव्हॅनमध्येच राहून महाराष्ट्रातील लहान गावे पाहता येतील का? (एक वाचक, हिंदूराव, दिल्ली)

उत्तर : कॅरॅव्हॅनमध्ये कायम राहता येते, मात्र तयारी घर बांधण्याइतकीच काटेकोर लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. दिल्लीत नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवल्यास कलम ४७ नुसार तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले.

खरा कस पाण्याचा लागतो. माणशी रोज वीस लिटर धरले, तर शंभर लिटरची टाकी दोघांना अडीच दिवस पुरते. सांडपाणी वेगळ्या टाकीत साठवावे. ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर सोडू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो. म्हणून झरोका जमिनीलगत हवा आणि गाडी चालू असताना सिलिंडर बंद हवा.

मुक्कामापूर्वी जागामालकाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. गाडी विकत घेण्याआधी भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये आठ दिवस राहून पाहावे, मगच निर्णय घ्यावा.