टाइम्प्लीज असलेला खेळ

ध्येयाचा खेळ करावा, हे मला पटतं. डॉक्टरांनी ‘चाला’ म्हटल्यावर मी जी टाळाटाळ चालवली होती, ती फोनवरच्या पावलांच्या आकड्याने बघता बघता मोडून काढली. पण हा आकडा डोक्यावर बसतो. मग रात्री पावणेबाराला डायनिंग टेबलाभोवती प्रदक्षिणा सुरू होतात. फोन घरी राहिला, तर मंडईपर्यंतची पायपीट ‘फुकट गेली’ असं वाटतं. गुडघा ठणकत असला तरी चालायचं, कारण सलग दिवसांची साखळी तुटेल! पावलांची स्पर्धा लावणाऱ्या आमच्या ग्रुपमधले एक काका तर टीव्हीसमोर बसून पावलं मोजणारा बँड घातलेला हात नुसता हलवत पहिले यायचे. शुद्ध रडीचा डाव.

आणि कशासाठी? रोज दहा हजार पावलं हा आकडा रुळला तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रामुळे; त्या यंत्राचं नावच दहा हजारांवरून ठेवलं होतं. वयस्कर अमेरिकन बायकांच्या २०१९ मधल्या एका अभ्यासात तर साधारण ७,५०० पावलांच्या पुढे आयुर्मानाला आणखी फायदा दिसला नाही.

तेव्हा नियम आपले आपण करा. लहानपणी लंगडीत धाप लागली की टाइम्प्लीज घेता यायची, धाकट्यांना कच्चं लिंबू करून खेळवता यायचं. तेवढी सवलत स्वतःलाही द्या. रोजचं लक्ष्य ठेवण्यापेक्षा आठवड्याचं ठेवा. ताप, पाहुणे, प्रवास यांच्या सुट्ट्या आधीच ठरवा. वजनकाट्याला गुण देऊ नका, बूट घालून बाहेर पडण्याला द्या; तेवढंच आपल्या हातात असतं.

जे मुळातच आवडतं, त्याला मात्र गुण लावू नका. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रकलेची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. मी वाचनाला वर्षाचा आकडा लावला, तेव्हा जाड पुस्तकं कपाटातच राहिली.

स्पर्धा हवीच असेल, तर तोडीस तोड गडी शोधा. मॅरेथॉन धावणाऱ्या भाच्याशी कसली बरोबरी करणार? मी शेजारणीशी खेळते. हरेल तिने रविवारी पोहे करायचे. तिचे पोहे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होतात, त्यामुळे मला जिंकायचंच असतं.