दाण्यांतील स्टेरॉल व कर्करोग

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत करडई, तीळ, भुईमूग, सोयाबीन व तूर हीं पिकें आपल्या नित्य परिचयाचीं आहेत. त्यांच्या दाण्यांत स्टेरॉल नांवाचें द्रव्य असतें व तें कर्करोगास अडवितें, असें हल्लीं सांगण्यांत येतें. हें कितपत खरें आहे, तें पाहूं.

१. स्टेरॉल म्हणजे काय? प्राण्यांच्या शरीरांत जसें कोलेस्टेरॉल, तसें वनस्पतींत स्टेरॉल. रोजच्या जेवणांतून तें सुमारें २०० ते ४०० मिलिग्रॅम पोटांत जातें. दोहोंची रचना सारखी असल्यामुळें आंतड्यांत स्टेरॉल हें कोलेस्टेरॉलची जागा अडवितें. दररोज २ ग्रॅम दिल्यास रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल शेंकडा ८ ते १० नें घटतें. इतकें सिद्ध आहे. परंतु एवढें स्टेरॉल साध्या जेवणांतून मिळत नाहीं.

२. कर्करोगाविषयीं काय? प्रयोगशाळेंत बशींत वाढविलेल्या कर्करोगाच्या पेशींवर व उंदरांवर प्रयोग झाले, आणि कांहींत रोगाची वाढ मंदावलेली दिसली. परंतु बशींतील पेशी म्हणजे मनुष्य नव्हे. स्टेरॉल घेतल्यानें मनुष्याचा कर्करोग टळतो, हें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून डाळ, तीळ, शेंगदाणे हें अन्न अवश्य खावें. मात्र त्यास औषध समजूं नये.

३. मग सिद्ध उपाय कोणता? लातूरच्या शेजारीं, त्या वेळच्या उस्मानाबाद (आतां धाराशिव) जिल्ह्यांतील खेड्यांत, १९९९ सालीं ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारें १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास आरंभिला गेला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पॅपिलोमा नांवाच्या विषाणूपासून होतो. ज्या गांवांतील स्त्रियांस त्या विषाणूच्या तपासणीची सोय एकदांच करून दिली, तेथें पुढील आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू, तशी सोय नसलेल्या गांवांच्या मानानें, सुमारें निम्मे झाले. हा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. तसेंच तंबाखू सोडल्यानें तोंडाच्या कर्करोगाचें भय कमी होतें, हेंही निर्विवाद आहे.

बोध. तोंडांतील न भरणारी जखम, स्तनांतील गांठ, अवेळीं होणारा रक्तस्राव, यांवर कोणी तेल किंवा भुकटी देऊं लागल्यास ती घेऊन वाट पाहत बसूं नये, डॉक्टरांकडे जावें. रोग लवकर कळला तर बरा होण्याची आशा मोठी असते, आणि गमावलेले महिने पुन्हा मिळत नाहींत.

वर्गास विचारावें: आपल्या घरांतील कोणती स्त्री दुखणें लाजेनें लपवीत आहे? तिला दवाखान्यांत कोण घेऊन जाईल?