मावा आणि करडई

मुलांनो, थंडीच्या दिवसांत तुम्ही कधी करडईच्या शेताजवळ उभे राहिला आहात का? झाडांच्या कोवळ्या शेंड्यांवर काळे काळे ठिपके दिसतात. हात लावला की बोटे चिकट होतात. हे ठिपके म्हणजे मावा नावाची कीड होय.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागात रब्बी हंगामात ज्वारी, हरभरा आणि करडई पेरतात. करडईला पाणी थोडे पुरते. तिची पाने काटेरी असल्यामुळे गुरे तिच्या वाटेला जात नाहीत. पण गुरांना न भिणारी करडई टाचणीच्या डोक्याएवढ्या माव्यापुढे हार खाते.

मावा आपली सुईसारखी सोंड झाडात खुपसतो आणि रस शोषतो. जास्तीचा गोड रस तो बाहेर टाकतो. शेतकरी त्याला 'चिकटा' म्हणतात. चिकट्यावर काळी बुरशी वाढते. झाड पिवळे पडते आणि दाणे भरत नाहीत.

माव्याची मादी नराशिवाय थेट पिलांना जन्म देते. आठ-दहा दिवसांत ती पिलेही माता होतात. समजा, एका मादीला ३० पिले झाली आणि त्या प्रत्येकीला ३० झाली, तर नातवंडे ९०० होतील!

मग सगळी शेते माव्याने का भरत नाहीत? कारण त्याची वाढ झाडावर आणि हवेवर अवलंबून असते. अनेक मावे ठरावीक झाडांवरच जगतात. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर आलेला पांढरा लोकरी मावा करडईवर जगत नाही. झाड कोवळे व रसाळ असेल, तर पिले जास्त होतात. झाड राठ झाले की पिले कमी होतात. ढगाळ, दमट हवा माव्याला मानवते. कडक थंडीत त्याची वाढ मंदावते आणि कडक उन्हाळा त्याला सोसत नाही.

आता दोन भावांची गोष्ट पाहा. थोरल्याने सप्टेंबरअखेर करडई पेरली. धाकट्याला बैलजोडी मिळेपर्यंत ऑक्टोबर संपला. डिसेंबरात आभाळ भरून आले, तेव्हा थोरल्याचे पीक राठ झाले होते. धाकट्याचे अजून कोवळे होते. मावा दोन्ही शेतांत आला. पण ठाण मांडून बसला तो धाकट्याच्या शेतात. त्याच्या घरची वर्षाच्या तेलाची आशा संपली.

करडई वेळेवर पेरणे, हा माव्यावरचा पहिला उपाय आहे. मावा आधी बांधाकडच्या झाडांवर दिसतो. म्हणून तेथे रोज नजर ठेवावी. ढालकिडा मावा खातो. त्याला मारू नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांचा सल्लाही घेता येतो.

पुढच्या वर्षी थोरल्याने आपली पाभर आधी भावाच्या शेतात चालवली.

शब्दार्थ
अवर्षणप्रवण – नेहमी कमी पाऊस पडणारा
राठ – कडक, खरखरीत
ठाण मांडणे – एका जागी पक्के बसून राहणे
पाभर – पेरणीचे अवजार

स्वाध्याय
१. 'चिकटा' कशाला म्हणतात?
२. धाकट्या भावाचे पीक का गेले?
३. 'वाटेला न जाणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या झाडावर मावा शोधा. तो कोवळ्या पानांवर आहे की जून पानांवर, ते लिहा.