मातृपितृसेवा आणि कायदा : एक अभ्यासपाठ

पुंडलिकाची कथा आपल्या घरोघरी लहान मुलांनाही ठाऊक असते. प्रत्यक्ष भगवंत दारी आले असताही त्याने आईबापांची सेवा अर्धवट टाकली नाही; देवास उभे राहण्यासाठी वीट दिली व हातचे काम पुरे केले. पण ज्या घरी पुंडलिक नाही, तेथील वृद्धांनी काय करावे? मंदिरात पितरांच्या श्राद्धाची तिथी विचारण्यास पुष्कळ मंडळी येतात, व ते योग्यच आहे. परंतु हयात असलेल्या आईबापांचा औषधपाणी व निवाऱ्याचा प्रश्न त्याहून निकडीचा होय. यास्तव आजच्या पाठात या विषयाचा कायद्याच्या अंगाने विचार करू.

१. वारसाहक्क. हा विषय आपल्या भागास परका नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वरांनी चालुक्यांच्या कल्याणी नगरीत रचिली. तेच आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यात होते. वडिलार्जित मिळकतीत पुत्रास जन्मतःच हक्क प्राप्त होतो, हे मिताक्षरेचे मुख्य सूत्र. त्यात कन्येस स्थान नव्हते. आंध्र प्रदेशाने ५ सप्टेंबर १९८५ पासून कन्येसही तो हक्क दिला. मात्र तत्पूर्वी विवाह झालेल्या कन्या वगळल्या. महाराष्ट्राने १९९४ साली तसाच कायदा केला आणि ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात विवाहित व अविवाहित सर्व कन्यांस पुत्रासमान हक्क मिळाला. त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, माता, पुत्र व कन्या या सर्वांना वाटा असतो. ‘मुलीचे लग्न झाले, तिचा संबंध संपला’ हे म्हणणे आता कायद्यास धरून नाही.

२. मृत्युपत्र व बक्षीसपत्र. या दोहोंतील भेद नीट ध्यानी घ्यावा. मृत्युपत्र करणाराच्या देहावसानानंतरच अमलात येते. तोवर ते केव्हाही बदलता वा रद्द करता येते. बक्षीसपत्राने मात्र घर त्याच वेळी हातचे जाते. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी नोंदणी केल्यास पुढील वाद कमी होतात. करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा, त्याने सही करावी आणि किमान दोन साक्षीदारांनी त्यावर सह्या कराव्यात. ज्यास लाभ मिळावयाचा, त्यासच साक्षीदार करू नये. भाषेचे बंधन नाही. मराठीतही लिहिता येते. आपल्याकडील कित्येक जुने खरेदीखत उर्दूत आहेत. ते वाचणारी माणसे आहेत तोवर त्यांचे भाषांतर करून ठेवावे. आणखी एक गोष्ट : बँकेच्या कागदावर ज्याचे नामनिर्देशन झाले, तो आपोआप मालक होत नाही. तो रक्कम स्वीकारतो; ती वारसांचीच असते.

३. निर्वाहाचा हक्क. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्यान्वये स्वतःच्या उत्पन्नावर निर्वाह न होणाऱ्या मातापित्यांस मुलगा, मुलगी व सज्ञान नातवंडे यांच्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. निपुत्रिक ज्येष्ठास, ज्या नातलगाकडे त्याची मिळकत आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्याच्याकडे मागणी करता येते. अर्ज महसूल विभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करावयाचा. स्वतः जाणे शक्य नसल्यास दुसऱ्या व्यक्तीस वा नोंदलेल्या संस्थेस तसा अधिकार देता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असून विशेष कारणास्तव ती मुदत ३० दिवसांनी वाढविता येते.

याच कायद्याचे २३ वे कलम फार मोलाचे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिले आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करविता येते. मध्यप्रदेशातील एका मातेने २०१९ साली मुलास घर बक्षीस दिले. पुढे सांभाळ होईना, म्हणून ती न्यायासाठी उभी राहिली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. मुलाने सांभाळाचे वचन लिहून दिले होते, हे तिच्या कामी आले. यावरून घ्यावयाचा बोध हा की, प्रेमाने घर द्यावे. पण सांभाळाची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट शब्दांत लिहावी. अट लिहिल्याने प्रेम उणावत नाही.

४. सैनिक व स्वातंत्र्यसैनिकांची कुटुंबे. सिकंदराबाद ही जुनी छावणी. सेनेतून निवृत्त झालेली कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. निवृत्तिवेतनाच्या आदेशपत्रावर पत्नीचे नाव व जन्मतारीख बरोबर आहे ना, हे सैनिक हयात असतानाच पाहावे, आणि हयातीचा दाखला वेळेवर द्यावा. अडचण आल्यास सैनिक कल्याण कार्यालयात जावे. २०२५ साली सुरू झालेल्या वीर परिवार सहायता योजनेखाली सैनिक कुटुंबांना तेथे कायदेविषयक साहाय्य देण्याची सोय योजिली आहे. निझामी राजवटीत १९३८-३९ च्या आर्यसमाज सत्याग्रहात उतरलेल्यांनी उशिरा अर्ज केले, तेव्हा केवळ उशीर झाला म्हणून सन्मानवेतन नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले. तथापि लाभ अर्जाच्या तारखेपासूनच देय ठरविला. हक्क राहतो, पण गेलेली वर्षे परत येत नाहीत.

५. साहाय्य कोठे मिळेल? १९८७ च्या विधिसेवा कायद्यान्वये स्त्रियांस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांस ठराविक उत्पन्नमर्यादेत. त्यासाठी दूरध्वनी क्रमांक १५१०० असून, ज्येष्ठांच्या साहाय्यासाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

मननासाठी प्रश्न : (१) बक्षीसपत्र व मृत्युपत्र यांत भेद कोणता? (२) आपल्या घरातील महत्त्वाचे कागद कोठे आहेत, हे घरातील किमान दोघांस ठाऊक आहे काय? (३) घरातील वडीलधाऱ्यांस मनातले बोलता यावे, म्हणून आपण या आठवड्यात किती वेळ त्यांच्याजवळ बसलो?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कायदा देईल. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यावयाचे आहे.