आत शिरण्याआधी पाटी वाच

अगं, पोलीस भरतीच्या नावाखाली एका रात्रीत केवढे टेलिग्राम ग्रुप गोळा केलेस! ओरडत नाहीये मी. नातेपुत्यात अभ्यासाला जोडीदारीण नाही, पुण्याला अकॅडमीत पाठवायला अण्णा तयार नाहीत; मग तू ग्रुप शोधशील नाहीतर काय करशील? शोध. फक्त नावाला भुलू नकोस. 'खाकी', 'वर्दी', 'जिद्द' काय, कुणीही ठेवतं.

माउलींची पालखी आपल्याकडे मुक्कामाला येते तेव्हा दिंडीच्या ट्रकवर कसं लिहिलेलं असतं, नंबर किती, रथापुढची की रथामागची, गाव कुठलं? तसं ग्रुपच्या नावावर टिचकी मारून त्याची माहिती वाचायची. चालवणारा कोण, नियम काय, की नुसताच 'पेड बॅच'चा फोन नंबर? नावाखाली सदस्य किती आणि आत्ता ऑनलाइन किती, तेही दिसतं. हजारोंच्या ग्रुपात भर संध्याकाळी पाच-सात जण जागे असतील तर मला तरी शंका येते.

पब्लिक ग्रुप असेल तर जॉइन न होताही आतलं वाचता येतं, हे कुणी वापरतच नाही! चार दिवस मागचं चाळ. कुणीतरी शेकडेवारीचं गणित टाकलंय, दुसरीनं वहीवर सोडवून फोटो पाठवलाय, तिसऱ्यानं त्यातली चूक काढलीय, असं दिसलं की खुशाल जा. दिवसभर सुप्रभात आणि 'घरबसल्या कमवा' एवढंच असेल तर परत फिर. त्या घरबसल्या कामात आधी थोडे पैसे खरंच देतात, मग 'डिपॉझिट' भरायला लावतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात शिरलीस की तुझा नंबर सगळ्यांपुढे उघडा. टेलिग्रामवर तो लपवता येतो. प्रायव्हसीत जाऊन फोन नंबरपुढे 'नोबडी' कर. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत 'ग्रुप्स'ला 'माय कॉन्टॅक्ट्स', म्हणजे ऊठसूट कुणी ओढणार नाही.

तुझंही प्रोफाइल लोक वाचतातच की. लग्नातला तो नऊवारीतला फोटो काढ आधी! गोड दिसतेस, पण तिथे कशाला? आडनाव, गाव, काही नको. आणि कुणी 'सर' पर्सनलवर येऊन नोट्ससाठी हॉलतिकीट मागायला लागले तर सरळ ब्लॉक. त्यावर तुझा फोटो, जन्मतारीख, सगळं असतं. 'सर' म्हटलं की आपण पोरी लगेच 'हो सर' करतो, ते इथे नको.

एवढं करूनही कधी पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नकोस. लगेच सायबर हेल्पलाइनला, १९३० ला फोन लाव. जितका लवकर, तितकी ती रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येण्याची आशा जास्त. मग मला कळव. अण्णांचं मी बघते.