ताण आणि पेशी

वैशाखातील उन्हात जबलपूरच्या कमानिया गेटजवळचा वाटसरू सावलीला सरकतो. तेथल्याच एखाद्या कुंडीतील तुळस कोठे जाणार? तिचा बचाव पेशींतच घडतो. अतितापाने पेशी नेहमीच्या प्रथिनांची निर्मिती आवरते. वाचन थांबलेले संदेशवाहक आरएनए आणि त्यांना चिकटणारी प्रथिने एकवटून कण बनतात. सस्तन प्राण्यांच्या पेशींत ‘ईआयएफ-२’ या घटकाला फॉस्फेट जोडले गेले की ही जुळणी सुरू होते, असे केडर्शा व अँडरसन यांच्या गटाने १९९९ साली दाखविले. या कणांना कोठार म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्यांना आवरण नसते आणि त्यांतील प्रथिने सतत ये-जा करीत असतात. ताण ओसरताच ते विरतात. न विरणाऱ्या कणांचा संबंध चेतापेशींच्या ऱ्हासाशी असावा, असा संशोधकांना संशय आहे.